रत्नाबाईंची प्रार्थना बंद पडली तेव्हा

बेंगळूरातल्या शिवाजीनगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत प्रार्थना करणारे पुष्कळ होते, पण रत्नाबाई उभ्या राहिल्या की बाकीचे आपोआप खाली बसायचे. शाळेत त्या कितीशा गेल्या असतील? तिसरीत बाईंशी भांडून घरी आल्या त्या कायमच्याच. पण डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून एकदा ‘हे दयाळू स्वर्गीय बापा’ म्हटलं, की शिकलेल्या माणसानंही कान द्यावा. आधी उपकारस्तुती, मग आजारी माणसं नावानिशी, मग विधवा, मग परीक्षेला बसलेली पोरं, मग सरकार, आणि सगळ्यात शेवटी, उरल्यासुरल्या वेळात, स्वतःचं घर. क्रम कधी चुकला नाही. पाया, भिंती, छप्पर, असं बांधकामच होतं ते.

आणि दुसरं कोणी प्रार्थना करायला लागलं की रत्नाबाई काय करायच्या? नाकातून ऐकायच्या. कोणी अडखळलं, कोणी तेच तेच घोळवलं, कोणी देवाला गल्लीतल्या बातम्या पुरवायला लागलं, की त्यांच्या नाकातून एक ‘हूं’ यायचं. मोठं नाही. पण तेवढ्यानं भल्याभल्यांचं आमेन लवकर यायचं. पाळकसाहेबसुद्धा त्या ‘हूं’ला बिचकून असायचे, आणि ते काही वाईट नव्हतं, उपासना वेळेवर तरी सुटायची. होसकोट्याहून येणाऱ्या त्यांच्या नणंद, कृष्णाबाई, सगळ्यांदेखत म्हणायच्या, “वैनींच्या भीतीनं माझ्या निम्म्या प्रार्थना अर्ध्या वाटेवरूनच वर गेल्यात.”

“अर्धी तरी गेली ना?” रत्नाबाई म्हणायच्या. “पुरे झालं मग.”

अशी बाई. आणि एका सकाळी तव्यावरचा दोसा उलटताना त्यांच्या हातातलं उलथणं पडलं. ते उचलायला वाकल्या, त्या वर आल्याच नाहीत. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटायला लागला, आणि वाचा गेली. डॉक्टर भला माणूस होता, खुर्ची ओढून जवळ बसून मुलाला म्हणाला, “आईंना सगळं कळतंय. शब्द आतच विस्कटतात, बाहेर यायला त्यांना वाट सापडत नाही. काही हळूहळू येतील, काही येणारही नाहीत.”

आता देवाला रत्नाबाईंचं काही घ्यायचंच होतं, तर दोन्ही गुडघे होते, एका डोळ्यात मोतीबिंदू होता. ते सगळं जागच्या जागी ठेवून त्यानं नेमकी जीभ घेतली. हे त्याला विचारायचं म्हटलं तरी विचारणार कशानं?

मुलानं, यशोवर्धननं, शिवाजीनगरचं घर बंद करून त्यांना एचएसआर लेआउटमधल्या आपल्या फ्लॅटवर आणलं. त्या फ्लॅटला रत्नाबाईंनी आजवर काडेपेटी म्हटलं होतं. आता त्याच काडेपेटीत खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत त्या बसायच्या, आणि अंगात काय, तर नायटी. साडी नेसवायला दोघं लागायचे आणि नेसवली तरी चाकात अडकायची, म्हणून नायटी. जन्मात कधी दुपारच्या झोपेतही पदर न ढळू दिलेली बाई, छातीवर पिवळे पोपट छापलेलं झबलं घालून बसली होती. आरशासमोरून खुर्ची नेताना त्या डोळे मिटून घ्यायच्या.

सून संहिता त्यांचं सगळं करायची. जुन्या बेंगळूरच्या हिंदू मराठी घरातली मुलगी. लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला, मंडळीत यायची, गीतं म्हणायची, पण मोठ्यानं प्रार्थना करायची वेळ आली की मान खाली घालून गप्प. “हिची प्रार्थना म्हणजे मुकी फिल्म,” असं रत्नाबाईंनीच म्हटलेलं. माहेरच्या रीतीनं ती सासूला ‘अत्ते’ म्हणायची. लॅपटॉपवर ऑफिसचं काम करता करता मध्येच उठून यायची, कांजी भरवायची, तोंड पुसायची, “स्वल्प अजून, अत्ते” म्हणायची आणि परत जाऊन बसायची. तिच्यात खोट काढावी म्हटलं तर रत्नाबाईंना कांजी जरा अळणी एवढीच सापडली, आणि तीही सांगता येत नव्हती.

सिद्धी नावाची एक मुलगी बोलायला शिकवायला यायची. ती चित्रं दाखवायची. “आजी, हे काय? छ... छत्...” रत्नाबाईंना छत्री माहीत होती. छत्रीचा दांडा, छत्रीच्या काड्या, ती दुरुस्त करणाऱ्याच्या आईचं गावसुद्धा माहीत होतं. पण तोंड उघडलं की एकच यायचं, “ऊं.” सिद्धी टाळ्या वाजवायची. रत्नाबाई तिच्याकडे अशा बघायच्या की दुसरी असती तर नोकरी सोडून गेली असती.

हे सगळं त्यांनी सोसलं. सोसवत नव्हतं ते एकच. प्रार्थना.

लोक म्हणायचे, मनात करा, देव मनातलं ऐकतो. मनात करायला मनात तरी शब्द हवेत ना. त्या डोळे मिटून आत ‘हे दयाळू’ पर्यंत यायच्या, आणि पुढं यायचं ‘कोथिंबीर’. परत सुरुवात करायच्या, तर ‘हे’च्या जागी ‘बस’ यायचं. आजारी माणसांची नावं आठवायच्या, तोंडं दिसायची, नावं गळून गेलेली असायची. पाया नाही, भिंती नाहीत, नुसता विटांचा ढीग. असल्या ढिगाला देव प्रार्थना म्हणेल यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दुसऱ्यांची त्याहून बरी प्रार्थना त्यांनी स्वतः नाकानं उडवून लावलेली होती. आणि इथं तर साधं ‘बापा’ म्हणायचं होतं. खूप बोलायचं नव्हतं. आपल्या बापाशी पुन्हा एकदा बोलणं व्हावं, एवढंच त्या दिवसभर खिडकीत बसून इच्छीत होत्या, आणि ती इच्छाही कुणाला सांगता येत नव्हती.

संध्याकाळी दिवेलागणीला घरची भक्ती व्हायची. यशोवर्धन पवित्र शास्त्र वाचायचा आणि प्रार्थना करायचा. पहिल्या संध्याकाळी तो “बापा, आईला...” म्हणाला आणि रत्नाबाई खुर्चीत पुढं झुकल्या. त्याच्या बरोबरीनं त्यांनाही जायचं होतं. तोंड उघडलं, “ऊंऽऽ.”

यशोवर्धन थांबला. चष्मा नीट केला. “सरी, आई,” बरं म्हणावं तसं तो पुटपुटला आणि चार वाक्यांत उरकून आमेन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कागदावर मुद्दे काढून बसला. रत्नाबाईंनी परत जोर केला, परत “ऊंऽऽ”. त्यानं पुढचे मुद्दे गाळले. असं रोज. त्या जितक्या जीव तोडून प्रार्थनेत शिरायला बघायच्या, तितकी त्याची प्रार्थना आखडत जायची. लहानपणापासून त्या नाकातल्या ‘हूं’खाली वाढलेला मुलगा तो. त्याला बिचाऱ्याला वाटलं, आईची वाचा गेली पण परीक्षा घेणं गेलं नाही. शेवटी एका संध्याकाळी तो संहिताला हळूच म्हणाला, “आईला त्रास होतो माझ्या प्रार्थनेचा. काही दिवस राहू दे भक्ती.”

रत्नाबाईंना ते ऐकू आलं. कान शाबूत होते. आपल्या घरातली प्रार्थना आपल्याच तोंडानं बंद पाडली, हे कळून त्या सबंध संध्याकाळ भिंतीकडे बघत बसल्या.

रविवारी मंडळीतल्या बायका भेटायला आल्या. पुढं कृष्णाबाई. आल्या आल्या त्यांनी पोपटांची नायटी बघितली आणि काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. मग हात पसरून त्यांनी प्रार्थना केली, अगदी रत्नाबाईंच्याच चालीत. उपकारस्तुती, आजारी, विधवा, सगळं त्याच क्रमानं उचललेलं. एवढी बरी प्रार्थना नणंदेनं जन्मात केली नव्हती. रत्नाबाईंना खरोखर त्या प्रार्थनेत मिसळून जायचं होतं. त्यांनी जोर केला.

“ऊंऽऽ.”

कृष्णाबाईंनी एक डोळा उघडला. “आमेन म्हणते बाई. बघा, जीभ गेली पण वैनी आहेत तशाच आहेत.”

बायका हसल्या. कुजकट नाही, मायेनंच हसल्या. पण रत्नाबाईंच्या काळजात ते हसू रुतून बसलं.

मग ती दुपार आली. यशोवर्धन ऑफिसला गेला होता. दाराची बेल वाजली. वरच्या मजल्यावरची बाई होती, कडेवर गुबगुबीत बाळ. रविवारी बाळाचा पहिला वाढदिवस, खाली हॉलमध्ये, सगळ्यांनी यायचं.

“अय्यो, वर्षाचा झाला पण?” संहिता म्हणाली. “सरी, नक्की येतो.” बाळाच्या गालाला हात लावला, हसली, दार लावलं. आणि कडीवरचा हात तसाच ठेवून उभी राहिली.

तिला आणि वरच्या बाईला एकाच वेळी दिवस गेले होते. दोघी मिळून पार्किंगमधून चालायला जायच्या. वरचीला बाळ झालं. संहिताचं पाचव्या महिन्यात गेलं. तेव्हा रत्नाबाई हॉस्पिटलात गेल्या होत्या, पलंगाशी उभं राहून त्यांनी मोठी प्रार्थना केली होती, एकही वीट हललेली नव्हती. संहिता भिंतीकडे तोंड करून पडून होती. आमेनही म्हणाली नव्हती, आणि रत्नाबाईंना त्याचा राग आला होता. त्यानंतर त्या बाळाचं नाव या घरात कुणी काढलं नाही. नाव ठेवलंच कुठं होतं काढायला.

संहिता दाराला पाठ लावून हळूहळू खाली सरकली आणि चपलांच्या मांडणीजवळ जमिनीवर बसली. रडण्याचा आवाज नव्हता. नुसते खांदे हलत होते.

रत्नाबाईंनी डाव्या पायानं फरशी रेटली. खुर्ची आधी सोफ्यावर गेली, मग टेबलाला धडकली, मग एकदाची सुनेपाशी आली. काय म्हणायचं? म्हणता तर काहीच येत नव्हतं. संहिताची ओढणी खांद्यावरून ओघळून फरशीवर पसरली होती. रत्नाबाईंनी वाकून डाव्या हातानं तिचं टोक पकडलं आणि ओढलं.

संहितानं डोळे पुसले. “काय हवं, अत्ते? थंडी वाजते?”

रत्नाबाईंनी ते टोक स्वतःच्या डोक्यावर टाकलं. सुळसुळीत कापड, घसरलं. परत टाकलं. परत घसरलं. तिसऱ्यांदा कपाळापर्यंत ओढून घेतलं, मग मेलेला उजवा हात डाव्यानं उचलून मांडीवर घेतला, बोटांत बोटं बसवली, आणि डोळे मिटले.

आत त्यांनी ‘हे दयाळू’ला हात घातला. ते विस्कटलं. या खेपेला त्यांनी गोळा करायचं सोडून दिलं. जाऊ दे, म्हटलं. उरलं काय, तर ही जमिनीवर बसलेली पोरगी आणि ते बिननावाचं लेकरू. दोघांना त्यांनी तसंच, धुतल्यापुसल्याशिवाय, वर धरलं, आणि पोटाच्या तळातून आवाज आला. नाकातला नव्हता तो. लांब, जड, कण्हल्यासारखा.

नाताळच्या जेवणाला मंडळीत भाताचं मोठं पातेलं दोघींना मिळून उचलावं लागतं. एक कान आपल्या हातात असतो. पलीकडचा कान कुणी धरला की बघावं लागत नाही, हातातलं ओझंच सांगतं. रत्नाबाईंना अगदी तसं झालं. पलीकडून कुणीतरी धरलं. आयुष्यभर एवढ्या प्रार्थना केल्या, पण त्या पातेलं एकट्याच उचलून धावत होत्या बहुतेक, कारण हे हलकं होणं त्यांच्या ओळखीचं नव्हतं. त्या कण्हत राहिल्या, थांबावंसं वाटेना, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी पोपटांवर पडत राहिलं.

आवाज आपणहून थांबला तेव्हा संहिता त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकून बसली होती.

“आमेन,” ती म्हणाली. मग मान वर करून बघत राहिली. डोक्यावरची ओढणी, मिटलेली बोटं. “अत्ते. रोज संध्याकाळी यश प्रार्थना करताना तुम्ही जे करत होता... ते हेच?”

‘आता उजाडलं का, बये,’ असंच रत्नाबाईंना म्हणायचं होतं. हलली नुसती मान, वरखाली.

“आणि डोक्यावर पदर नाही म्हणून आम्हाला कळलंच नाही. नायटी घातली मीच.” संहिताला हसू यायला लागलं, रडू थांबायच्या आधीच. “अय्यो अत्ते, आम्हाला वाटलं तुम्ही चुका काढताय. तुम्हाला घाबरून आम्ही देवालाच सुट्टी दिली.”

रत्नाबाईही हसल्या. अर्धंच तोंड हसलं, पण तेवढं पुरलं.

संहितानं त्यांच्या डोक्यावरची ओढणी नीट केली. मग खाली बघत म्हणाली, “हॉस्पिटलात तुम्ही केली होती ना, ती प्रार्थना कधी संपते असं झालं होतं मला. रागावू नका. आजची संपू नये असं वाटत होतं.”

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर रत्नाबाईंनी जन्मभर लक्षात ठेवलं असतं. त्यांनी सुनेच्या केसांवरून डावा हात फिरवला. हा हात तरी ठेवलास रे बापा, हे त्यांनी म्हटलं नाही; म्हणायला शब्द नव्हते; पण ते गेलं. गेलं हे त्यांना कळलं.

संध्याकाळी यशोवर्धनला सगळं सांगितल्यावर तो आईपुढं उकिडवा बसला. “खरंच, आई? मला वाटलं तू माझी प्रार्थना तपासतेस.”

थोडी तपासतही होत्या, ती गोष्ट वेगळी. पण ते आता कोण सांगणार होतं?

पुढच्या महिन्यात घरात उपकारस्तुतीची सभा ठेवली. संहितानं आपल्या आईला माहेराहून बोलावून घेतलं आणि दोघींनी मिळून रत्नाबाईंना जांभळी साडी नेसवली, चाकात जाऊ नये म्हणून निऱ्या उंच खोचल्या. काडेपेटीत मंडळी मावली कशी ते मंडळीलाच ठाऊक. गीतं झाली, वाचन झालं, आणि प्रार्थनेसाठी सवयीनं कृष्णाबाई उठल्या.

“स्वल्प थांबा, अक्का,” संहिता म्हणाली. सभेत तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला, माना वळल्या. “आज अत्ते करणार.”

कृष्णाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “अगं, त्यांना बोलता येत नाही.”

“मलाही येत नाही, अक्का. कधीच आलं नाही. मग माझी काय तिथं पोचतच नाही?”

कृष्णाबाईंनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेब जरा विचार करून म्हणाले, “ज्याच्याकडं शब्द नाहीत त्याच्यातर्फे पवित्र आत्मा स्वतः बोलतो, हे मी वर्षाला दोनदा तरी तुम्हाला सांगतो. रत्नाक्का, करा तुम्ही.”

ते रत्नाबाईंनी पुष्कळदा ऐकलं होतं. ज्यांना तयारी करायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी ठेवलेली सवलत, असं त्या समजून चालल्या होत्या.

संहितानं त्यांच्या डोक्यावर पदर ओढला. रत्नाबाईंनी डोळे मिटले आणि आवाज लावला. आधी तो थरथरला. मग खाली बसला, पसरला. उपकारच होते सगळे. डाव्या हाताचे, कानांचे, खिडकीतून येणाऱ्या उन्हाचे, अळणी कांजीचे, जमिनीवर बसलेल्या त्या दुपारचेसुद्धा. मग तोंडं यायला लागली, नावं नसलेली, एकेक. आवाज वर गेला, खाली आला, एका जागी फार हळू झाला. कोपऱ्यातल्या बाईला वाटलं, हे माझ्या नवऱ्याच्या डायलिसिससाठी. तिच्या शेजारच्या पोराला वाटलं, हे आपल्या नापास झालेल्या विषयासाठी. नंतर चहा पिताना दोघांनी ते एकमेकांना सांगितलं, आणि आणखी एकजण म्हणाली, नाही हो, ते माझं होतं.

रत्नाबाई थांबल्या. खोलीभर आमेन झालं, यशोवर्धनचं सगळ्यात शेवटी.

“आता तुमची, कृष्णाक्का?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“माझं काय राहिलंय? वैनींनी सगळं सांगून टाकलं,” कृष्णाबाई म्हणाल्या आणि नाक पुसत खाली बसल्या.

केसरीबात म्हणजे आपला शिराच, तो खाऊन लोक निघाले. दारात चपलांची झुंबड उडाली. कृष्णाबाई एक चप्पल घालून, दुसरी हातात घेऊन परत आत आल्या आणि खुर्चीपाशी वाकल्या. या बाईला एवढं हळू बोलता येतं हे रत्नाबाईंना माहीत नव्हतं.

“वैनी, आमच्या आशयसाठी प्रार्थना करा ना. घर सोडून गेलाय, फोन उचलत नाही. मी देवाला सांगून सांगून थकले. आता माझ्याकडंही शब्द उरले नाहीत.”

रत्नाबाईंनी नणंदेकडे बघितलं. आशयचं नाव त्यांच्या हाती लागलं नाही, पण पोराचं तोंड आलं, आईसारखं रुंद कपाळ, पुढचा एक दात जरा वाकडा. त्यांनी कृष्णाबाईंच्या हातातली चप्पल काढून खाली ठेवली, तो हात आपल्या डाव्या हातात घेतला आणि डोळे मिटले.

आवाज सुरू झाला तसे दारातले लोक आपापल्या चपला हातात घेऊन जागच्या जागी उभे राहिले. लिफ्ट वर आली, तिचं दार उघडलं आणि मिटलं. कुणी आत शिरलं नाही.